मी लॅपटॉपमागची, तू टॅबवाली

शमीम, तू जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि तुझ्यावरून माझं भांडण झालं. मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार सताड उघडं, बाहेर शिपाई आणि दोन पालक उभे. सर म्हणाले, "म्हात्रे मॅडम, गेलेल्या माणसाशी तरी वैर धरू नका." मी म्हटलं, "ती गेली म्हणून ती बरोबर ठरत नाही, सर." मी स्टाफरूममध्ये पोचायच्या आत माझं वाक्य तिथे पोचलं होतं. मी शिरले तशा सगळ्याजणींच्या माना वह्यांत गेल्या.

तू असतीस तर मान वर काढून विचारलं असतंस, "काय गो वंदना, आज कोणाला खाल्लंस?"

शोकसभेत तुला 'मनमिळाऊ' म्हणाले. एकाने नाही, चौघांनी. मी खाली बघत होते ते दुःखाने, असं सगळ्यांना वाटलं असणार. मनमिळाऊ! जिने एकोणीस वर्षांत एकाही मीटिंगमध्ये समोरच्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, जी रिक्षातल्या चौथ्या सीटवरून मुरूडपासून शाळेच्या फाटकापर्यंत भांडत यायची, ती मनमिळाऊ. सगळ्यात जुनी सहकारी म्हणून सरांनी मला बोलायला सांगितलं. मी उठले, "मला जमणार नाही" म्हणाले आणि बसले. खोटं नव्हतं ते. मला जे बोलायचं होतं ते दोन मिनिटांच्या मौनाआधी बोलायचं नसतं.

म्हणून आता बोलते, कागदावर. मधे तोंड घालू नकोस.

आपण दोघी एकाच आठवड्यात या शाळेत लागलो. तू विज्ञान, मी गणित. टेबल एक, कपाट एक, कपाटाची चावी एक, आणि ती कायम तुझ्या पर्समध्ये. पहिल्याच दिवशी तू मला 'तू' म्हणालीस आणि मला ते आवडलं, कारण माझ्या माहेरी पेणकडे मिठागरावर कुणी कुणाला अहोजाहो करत नाही. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस माझे तास तू घेतलेस. परत आले तर दहावीच्या वह्या तपासून झालेल्या, आणि प्रत्येक वहीत खाली माझी सही, तू केलेली, माझ्यापेक्षा वळणदार. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणालीस, "त्रिकोणाचा धडा तू फार रटाळ घेतेस. मी नीट घेतलाय. आता पुन्हा घेऊ नकोस." तुझ्याकडून उपकार घ्यायचा तर तो असा, वर टोमणा लावूनच मिळायचा.

माझा लॅपटॉप शाळेत आला तो मी अर्जावर अर्ज करून आणलेला. तुला ठाऊक आहे. समुद्राच्या वाऱ्याने आपल्या खिडक्यांचे गज फुगतात, तिथे प्रोजेक्टरच्या पिना काय टिकणार? मी त्या पिनांना रोज प्लॅस्टिकची पिशवी बांधायचे. अकरा वर्षं मी प्रत्येक धड्याच्या स्लाइड केल्या. प्रमेय ओळीओळीने यायचं. वर्तुळ फिरायचं, स्पर्शिका हलायची. टेबलामागे उभं राहून मी एकेक बटण दाबायचे, समोरच्या भिंतीवर शुद्ध, टापटीप मराठी उमटायची आणि ती मी वाचून दाखवायचे.

ते तसं का, हे शाळेत एकट्या तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. हरिहरेश्वरची सहल होती, आगरदांड्याहून दिघीला जायला आपली बस फेरीबोटीवर चढवलेली, पोरं कठड्याला लटकून ओरडत होती आणि आपण दोघी बसच्या सावलीत उभ्या होतो. मी सांगितलं, सातवीत मला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं होतं आणि मी 'घोडा' ऐवजी 'घोरा' म्हणाले. बाईंनी तो शब्द माझ्याकडून भर सभेत तीनदा म्हणवून घेतला. तिन्ही वेळा 'घोरा'च आला. "तेव्हापासून लिहिलेलं समोर असल्याशिवाय मी वर्गात तोंड उघडत नाही," मी म्हणाले. "जीभ कधी घरची होईल, सांगता येत नाही."

तू सांत्वन वगैरे केलं नाहीस. म्हणालीस, "आमच्या घरात काय बोलतात ते ऐकलंस तर बेशुद्ध पडशील." मग सांगितलंस की बी.एड.च्या पाठात तुझी घरची बोली अशीच निसटली आणि परीक्षक बाईंनी शेऱ्यात 'भाषा अशुद्ध' लिहिलं. तो कागद तू घरी येताना खाडीत टाकलास. त्या दिवशी मला वाटलं, ही माझी आहे. म्हणून तर तुझा राग इतका येतो. परक्याचा एवढा येत नसतो.

मग तुझे मिस्टर मस्कतहून टॅब घेऊन आले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तू तो वर्गात आणलास. कुठलीही वायर नाही. तू हातात धरून फिरायचीस, त्याच्यावर पेनने लिहायचीस आणि ते भिंतीवर उमटायचं. तू फळ्यापाशी नसायचीसच. तू शेवटच्या बाकापाशी, कुणाच्या तरी शेजारी बूड टेकून. टॅब त्या पोराच्या पुढ्यात ठेवायचीस. "लिही. चुकलं तर पुसू." आठवडाभरात पोरं तुझ्या तासाला मागचे बाक धरायला धावायला लागली. माझ्या तासाला मागे बसायची ती झोपायला.

स्टाफरूममध्ये आपली जुंपली ती त्याच आठवड्यात. मी म्हटलं, टॅबवर दोन गोष्टी एकदम उघडता येत नाहीत, मोठी आकडेमोड करता येत नाही, मराठी टाइप करायला जन्म जातो. ते खेळणं आहे.

"आणि लॅपटॉप म्हणजे खुंटा," तू म्हणालीस. "दोरी जेवढी तेवढंच चरायचं."

"मी म्हैस आहे का?"

"मी कुठे म्हटलं? तूच म्हणतेस."

सगळे खदखदले. मीही ओठ दाबले. तोवर ते भांडण साधं होतं.

साधं राहिलं नाही, कारण मुख्याध्यापक तुझा तास बघायला येऊन बसले आणि त्यांना साक्षात्कार झाला. आपला एक माजी विद्यार्थी आता उरणला ट्रेलर चालवतो, म्हणजे त्याचे ट्रेलर दुसरे चालवतात. त्याने शाळेला टॅब दिले. गणपतीच्या सुट्टीनंतर मी वर्गात गेले तर टेबलावर लॅपटॉप नाही. तो ऑफिसात नेलेला, ऑनलाइन माहिती भरायला. "तुम्हाला टॅब मिळालाय ना मॅडम, अधिक आधुनिक," सर म्हणाले.

मी माझ्या स्लाइड त्याच्यावर उघडल्या. अकरा वर्षं मी ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं तो टॅबला ओळखीचा नव्हता. 'पायथागोरसचा सिद्धांत' या जागी नुसते किडे, चौकटी आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. एकेक फाइल उघडत गेले. सगळ्या तशाच. वर्ग समोर बसलेला, आणि माझ्यापुढे वाचायला एक शब्द नाही. मी पोरांना जुनी गणितं सोडवायला सांगितली आणि तास संपेपर्यंत खिडकीतून सुरूची झाडं बघत उभी राहिले.

तुझ्याकडे आले. आपण होऊन आले, हे लक्षात घे. "शमीम, माझं सगळं गेलं गो." तू डबा खात होतीस. टॅब हातात घेतलास, दोनतीन फाइली बघितल्यास आणि म्हणालीस, "बरं झालं. आता तरी पोरांकडे बघशील."

पाच जणी होत्या तिथे. त्यांना ती गंमत वाटली. त्यांना बोटीवरचं काही ठाऊक नव्हतं. तुला होतं. मी स्लाइडमागे का लपते ते माहीत असणारी तू एकटी, आणि माझ्यावरचं पांघरूण ओढून 'बरं झालं' म्हणणारीही तूच. तू म्हणशील, तुझ्या भल्यासाठी म्हटलं. असेल. बुडणाऱ्याला पोहता यावं म्हणून त्याची फळी काढून घेणारेही भल्यासाठीच काढतात.

मी काही बोलले नाही. माझा दोष तो. मी तेव्हाच भांडायला हवं होतं. ते गिळलं, आणि गिळलेलं दिवाळीनंतर भलत्याच वाटेने बाहेर आलं.

दर्शनाच्या वाटेने. नववीतली दर्शना, कोळीवाड्यातली, दोन वेण्या, वर्गात कधी हात वर न करणारी. तू पाण्याच्या ग्लासात पेन्सिल ठेवली होतीस आणि विचारलं होतंस, पेन्सिल वाकडी का दिसते. टॅब दर्शनापुढे ठेवलास. तिने लिहिलं, भिंतीवर उमटलं. "मोठ्याने वाच," तू म्हणालीस. तिने वाचलं.

"पेन्सील वाकरी न्हाय. उजेर वाकरा व्हतो."

वर्ग हसला. तुझा टॅब तास रेकॉर्ड करत होता, कारण गैरहजर पोरांसाठी म्हणून तू रोजचा तास पालकांच्या ग्रुपवर टाकायचीस. तो तासही टाकलास. कुणीतरी त्यातला तेवढाच तुकडा कापला, दर्शनाचं वाक्य आणि वर्गाचं हसणं, आणि तो दोन दिवसांत या मोबाईलवरून त्या मोबाईलवर गावभर फिरला.

दर्शना शाळेत यायची थांबली. मी तिची वर्गशिक्षिका. पाचव्या दिवशी तिच्या घरी गेले. तिची आई जाळं आवरत होती. म्हणाली, "म्याडम, ती न्हाय येनार. आख्ख्या कोलीवाऱ्यान तिचा आवाज फिरला. पोरा हसतान, ता पन आयकाला येते." दर्शना आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही. मी उंबऱ्यात उभी, आणि मला माझा तो घोडा आठवत होता. माझ्या वेळी निदान सभा संपल्यावर सगळे घरी गेले होते. हिची सभा संपायलाच तयार नव्हती.

हेच मी तुला सांगत होते ना, पहिल्यापासून? वहीतली चूक पोराची असते. भिंतीवरची चूक गावाची होते.

त्याच दुपारी मी तक्रार लिहिली. दोन पानं. तुझ्या नावाने, मुख्याध्यापकांना, शुद्ध मराठीत. लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही, हेही सांगून टाकते. तीन महिन्यांपूर्वीचं 'बरं झालं' त्या दोन पानांत कुठेही नव्हतं आणि प्रत्येक ओळीत होतं. सरांनी तुझ्याकडून लेखी खुलासा मागितला आणि तासांचं रेकॉर्डिंग कायमचं बंद केलं.

तू मला जिन्यात गाठलंस.

"लेखी?" तू म्हणालीस. "एक टेबल आहे आपलं. तुला तोंड नव्हतं?"

"तोंडाचं काय होतं ते बघितलं दर्शनाच्या."

"पूर्ण तास ऐकलास?"

"गरज नाही."

मला वाटलं, आता ही ओरडेल. तू म्हणालीस, "ठीक आहे, म्हात्रे मॅडम." आणि खाली उतरून गेलीस.

दुसऱ्या दिवशी तू कोळीवाड्यात गेलीस. काय बोललीस, मला कधी कळलं नाही. सोमवारी दर्शना शाळेत आली. तू वर्गासमोर तिला म्हणालीस, "तुझा आवाज मी बाहेर जाऊ दिला. चूक माझी." पोरांनी मला येऊन सांगितलं. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, तिची माफी मागितलीस, माझी नाही.

मग वर्षभर 'अहो मॅडम, चावी देता का', 'हो मॅडम, घ्या'. ऐकणाऱ्याला आपला आदर वाटला असेल. ईदला तू सगळ्यांसाठी सांदणांचा डबा आणलास, आणि माझ्यासाठी दरवर्षीसारखा वेगळा छोटा, नारळ जास्त घातलेला. मी तो न उघडता तुझ्या खुर्चीवर परत ठेवला. तू तो पर्समध्ये टाकलास. त्याबद्दल मी माफी मागत नाही. पण ती सांदणं त्या दिवशी कुणी खाल्ली, हे मला आता जाणून घ्यायचं आहे आणि सांगणारं कुणी नाही.

या दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी तू दप्तर भरताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "सुट्टीत घरी ये, आगरदांड्याला. बोलू." वर्षभरातलं पहिलं 'ये'. मी म्हटलं, "बघते." एकवीस दिवस मी बघत होते. तूही फोन करू शकली असतीस. माझा नंबर काही बदललेला नव्हता. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तू स्वयंपाकघरात कोसळलीस, आधी अलिबाग, मग पनवेल, आणि तिसऱ्या दिवशी संपलंच. डोक्यात रक्तस्राव, म्हणाले. भांडण अर्धं टाकून जाणं तुझ्या स्वभावात नव्हतं. हे एवढंच तू तुझ्या स्वभावाविरुद्ध केलंस.

तुझ्या घरी गेले. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. मी दाराशी थांबले तर तुझ्या सासूबाईंनी डोकं वर केलं. "वंदना तूच ना? तुझं नाव रोज असायचं या घरात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगलं की वाईट?"

"दोन्ही," म्हणाल्या. "ये, बस."

आता भांडणाचं. तुझ्या मुलीने, आफरीनने, तुझ्या टॅबमधले सगळे तास एका पेन ड्राइव्हमध्ये भरून सरांना आणून दिले. तुझ्या जागी नवीन शिक्षक मिळेपर्यंत नववी-दहावीला उजळणीसाठी ते दाखवायचे, असं सरांनी ठरवलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. मी विचारलं, "त्यात पोरांचे आवाज आहेत. त्यांना विचारलंत का?" सर म्हणाले, "श्रद्धांजली आहे ही." मी म्हटलं, "कुणाच्या जिवावर?" आणि मग ते वैराचं वाक्य आलं.

मी हटले नाही. सर शेवटी वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच काढा ते आवाज. आणि नवा माणूस येईपर्यंत विज्ञानाचे तासही तुम्हीच घ्या." पेन ड्राइव्ह माझ्यापुढे सरकवला. ते काम टॅबवर होत नाही, मी करून बघितलं. ऑफिसातून माझा लॅपटॉप परत मागून आणला. ऐकतेस ना? टॅबवर होत नाही.

शाळा सुटल्यावर रोज दोन तास प्रयोगशाळेत बसून मी तुला ऐकते आहे. एकोणीस वर्षांत इतकं सलग कधी ऐकलं नव्हतं. तू चांगली शिकवायचीस. हे लिहायला मला अर्धं पान वाट बघावी लागली. तू पोराला दुखवून पुढे जायचीस आणि तुला ते कळायचंही नाही, अशा जागाही मी मोजल्या आहेत. कमी नाहीत. एका तासात तू एका मुलाला तीनदा 'माठ' म्हणालीस आणि चौथ्यांदा त्याच्याकडूनच उत्तर काढून घेतलंस. तो मुलगा आज माझ्या वर्गात सांगतो की मॅडमसारखं कुणी शिकवलं नाही. याचं मी काय करू?

आणि दिवाळीनंतरचे धडे नाहीत. माझ्या तक्रारीने ते बंद झाले. दहावीला आत्ता नेमके तेच हवेत. ते मी घेते आहे, रात्रीचा अभ्यास करून, तुझ्या विषयातलं मला काही येत नसताना. टॅब घेऊन. बाकांमधून फिरत. हे तुला कळू नये अशी माझी फार इच्छा होती.

शेवटी दर्शनाचा तास आला. मी तो सुरू केला नाही. आधी तिला बोलावलं. आता ती दहावीत आहे, वेणी एकच घालते. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. मी शुद्ध भाषेत विचारायला वाक्य जुळवलं होतं, ते आलंच नाही. माझ्या तोंडून माझ्या आईची भाषा आली. "तुजा आवाज र्‍हावं देव, का नको?"

ती दचकली. शाळेत माझ्या तोंडी ते तिने कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं.

"माजा नको, म्याडम," ती म्हणाली. "शमीम बाईंचा ठेवा."

"आन लिवलेला?"

तिने थोडा विचार केला. "लिवलेला र्‍हावं दे. ता बरोबर हाय."

ती गेल्यावर मी तास सुरू केला. तक्रार लिहिली त्या वेळी मी गावभर फिरलेला तुकडाच तेवढा ऐकला होता. दर्शना वाचते, वर्ग हसतो, तुकडा संपतो. या वेळी तो संपला नाही. पोरं हसली, आणि त्यांच्यामागून तूही हसलीस. टॅब तुझ्या अगदी जवळ, त्यामुळे तुझं हसणं सगळ्यात मोठं. दोन सेकंद, फार तर तीन. तो 'अशुद्ध' कागद खाडीत टाकणारी तू, हसलीस. मी खुर्चीत ताठ झाले. म्हटलं, बघ, मी बरोबर होते.

मग तू थांबलीस. म्हणालीस, "हसताय काय? मीपण हसले, चुकले. बरोबर आहे तिचं. पुस्तकातल्यापेक्षा बरोबर. जसं लिहिलंय तसं लिहून घ्या." आणि पुढचं मिनिटभर नुसता पेनांचा आवाज.

जिन्यात हे का सांगितलं नाहीस? 'पूर्ण तास ऐक' असं दुसऱ्यांदा म्हणायला तुझं काय जात होतं? मी नाही म्हटलं, हो. पण तू कधीपासून माझं 'नाही' ऐकून घ्यायला लागलीस? खुलाशातही तू यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतंस. सरांना विचारून मी तो काढून वाचला. 'झालेल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे,' एवढी एकच ओळ. माझं वर्ष तू त्या एका ओळीत घालवलंस, शमीम. तुझंही.

आज काम संपलं. दर्शनाचं वाचणं काढलं, तिने सांगितल्याप्रमाणे. पोरांचं हसणं काढलं, एकेकाला विचारून. आता त्या जागी भिंतीवर तिच्या अक्षरातली ओळ उमटते, शांतता असते आणि मग एक बाई एकटीच हसते. बघणाऱ्या पोरांना कळणार नाही ती का हसली. सर म्हणाले, तेवढंही काढून टाका, विचित्र वाटतं. मी 'हो' म्हटलं आणि लॅपटॉप तसाच बंद केला.